अर्काची बाटली कधी उघडावी, कधी बंद ठेवावी

माझ्या धावण्याच्या वहीत तारीख, अंतर आणि झोप यांच्या पुढे 'जिना' असा एक रकाना आहे. लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पंधरा पायऱ्या उतरायच्या, कठड्याला हात लावायचा नाही, आणि मांड्या किती ओरडल्या त्याला शून्य ते दहा यांतला आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही झालंच नाही. दहा म्हणजे पायरीवर बसून घसरत खाली आले. दहा आजवर एकदाच लिहिलाय, पहिल्या मॅरेथॉननंतर.

पोटासाठी मी वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ड्रममधून भुकटी येते, सोबत कागद येतो, आणि कागदावर लिहिलेलं द्रव्य भुकटीत खरोखर किती आहे ते आम्ही सांगतो. त्यामुळे धावणाऱ्या मैत्रिणी पायदुखीवरच्या अँटिऑक्सिडंट अर्कांच्या बाटल्यांचे फोटो पाठवून विचारत असतात, 'हे घेऊ का गं?' मी विचारते, 'कशासाठी?' आणि तिथेच गाडी अडते. प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधी कॅलेंडर

बाटली हातात घेण्याआधी पुढचे बारा आठवडे डोळ्यांपुढे आणा. तुम्ही तयारीच्या काळात आहात की शर्यतीच्या तोंडावर? सगळं यावर ठरतं. का, ते थोडं समजून घ्यावं लागेल.

१९५६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचं खापर फ्री रॅडिकल्सवर, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या चंचल रेणूंवर, फोडलं. १९८२ मध्ये दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत हे रॅडिकल्स वाढलेले मोजून दाखवले गेले. दोन्ही जोडले की गणित सोपं होतं: व्यायामाने गंज चढतो, अँटिऑक्सिडंटने, म्हणजे हे रेणू निष्प्रभ करणाऱ्या द्रव्याने, तो उतरतो. बाटल्यांवरची बहुतेक जाहिरात अजून याच वाक्यावर चालते.

गोची अशी की हे रॅडिकल्स निरोप्याचंही काम करतात. 'आज ताण पडला, तयारी वाढव' हा सांगावा स्नायूपर्यंत पोचवण्यात त्यांचा हात असतो. तो पोचला की पेशी नवे मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जेचे कारखाने) बांधते आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज यांसारखी स्वतःची संरक्षक विकरं (एन्झाइम्स) वाढवते. निरोप्यालाच दारात अडवलं तर? २००९ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. त्यातल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला मिळणारी साथ सुधारली, घेणाऱ्यांची सुधारली नाही. २०१४ मध्ये नॉर्वेत अकरा आठवड्यांच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाच्या वाढीच्या खुणा कमी दिसल्या. दमसास मात्र दोन्ही गटांचा सारखाच वाढला, हेही सांगायला हवं.

'पण ही तर जीवनसत्त्वं झाली, मी वनस्पतीचं घेते,' असं एकीने मला ऐकवलं होतं. तिच्यासाठी रेझव्हेरट्रॉल. द्राक्षाच्या सालीतलं, रेड वाईनमुळे गाजलेलं. २०१३ च्या डॅनिश अभ्यासात साधारण पासष्टीच्या पुरुषांनी आठ आठवडे व्यायाम केला आणि काहींनी सोबत रोज २५० मिलिग्रॅम रेझव्हेरट्रॉल घेतलं. सगळ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली, पण रेझव्हेरट्रॉलवाल्यांची वाढ ४५ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे मेहनत पूर्ण, पगार अर्धा.

म्हणून माझा नेम असा आहे: पाया बांधायच्या महिन्यांत मोठ्या मात्रेचा कुठलाही अर्क रोज घ्यायचा नाही. पाय दुखले तर दुखू द्यायचे. बाटली उघडायची ती शर्यतीच्या आठवड्यात, किंवा लागोपाठ दोन-तीन दिवस पळायचं असेल तेव्हा. तिथे शरीराला नवं काही शिकवायचं नसतं, उद्या सकाळी पुन्हा उभं राहायचं असतं. फळं, भाज्या, चहा, कोको यांना हा नेम लागू नाही, ते बारमाही चालू द्या. अन्नातून येणारी मात्रा लहान असते आणि दिवसभर पसरलेली असते.

काय घ्यावं

तीनच गोष्टी सविस्तर सांगते, कारण बाकीच्यांबद्दल विचारणारं फारसं कुणी येत नाही.

पहिली, आंबट चेरी. गोड चेरी नाही; मॉन्टमॉरेन्सी नावाची लालभडक, खाताना तोंड वाकडं करायला लावणारी जात. तिच्यातली अँथोसायनिन्स, म्हणजे लाल-जांभळी रंगद्रव्यं, सूज शमवायला मदत करतात असं दिसतं. लंडन मॅरेथॉन पळणाऱ्या वीस हौशी धावपटूंवरचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळे सांगतात: शर्यतीआधी पाच दिवस, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर दोन दिवस रस. रस पिणाऱ्यांच्या पायांतली ताकद लवकर परतली. वीस माणसं म्हणजे फार नाहीत, पण नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत हाच कल दिसत राहिला, म्हणून चेरीला मी पहिला नंबर देते.

घ्यायची कशी? घट्ट रस असेल तर ३० मिलिलिटर सकाळी आणि ३० मिलिलिटर संध्याकाळी, पाण्यात मिसळून. सुरुवात शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी. शर्यत संपल्यावर बाटली आठवून काही उपयोग नाही, ही चूक मी स्वतः केली आहे. आणि एक: आधी घरी, साध्या लांब धावेच्या आधी पिऊन बघा. या रसात सॉर्बिटॉल असतं आणि काहींच्या पोटात ते गडबड करतं. सुरुवातीच्या रांगेत उभं असताना ते कळणं परवडत नाही. साखरही भरपूर असते, तेव्हा मधुमेह असेल तर हिशोब मांडूनच घ्या. माझ्या वहीत उताराच्या हाफ मॅरेथॉननंतर चेरीशिवाय ६, चेरीसह एकदा ५ आणि एकदा ४ असे आकडे आहेत. अर्थात मी काय पितेय हे मला माहीत होतं, त्यामुळे या आकड्यांवर माझा अर्धाच विश्वास.

दुसरी, हळदीतलं कर्क्युमिन. हळदीच्या पुडीत ते साधारण तीन टक्के असतं. कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि त्याची भावंडं) म्हणून लिहिलेलं असतं. गंमत अशी की एवढं घालूनही रक्तात फार थोडं पोचतं. ते पाण्यात विरघळत नाही, आतडं थोडंच शोषतं, आणि जे शोषलं जातं त्याला यकृत लगेच बाहेरची वाट दाखवतं. १९९८ साली दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण वीस पटीने वाढलं. तेव्हापासून निम्म्या बाटल्यांत मिरी शिरली. पायपरिन हे करतं ते शरीराची औषधं बाहेर टाकायची यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी मंदावत नाही. तुम्ही रोज दुसरं औषध घेत असाल तर त्याचंही रक्तातलं प्रमाण चढू शकतं.

कर्क्युमिनबाबत मी जरा हट्टाने प्रयोग केला. प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने अपारदर्शक कॅप्सूल भरून दिल्या, एका डबीवर 'क' आणि दुसरीवर 'ख'. एकीत कर्क्युमिन, दुसरीत नुसतं सेल्युलोज. कशात काय ते त्याच्या वहीत. आठ लांब धावा झाल्या, चार 'क'वर आणि चार 'ख'वर. जिन्याचे आकडे: 'क'चे ४, ३, ५, ४, 'ख'चे ४, ५, ४, ४. सरासरीत पाव आकड्याचा फरक, आणि माझी झोप एक तासाने कमी झाली तर फरक त्याहून जास्त पडतो. शिवाय तिसऱ्या आठवड्यात 'क'च्या कॅप्सूलचं टोपण ओल्या बोटांनी उघडलं गेलं, बोटं पिवळीधमक झाली आणि सगळं गुपितच फुटलं. तेव्हा उरलेले आकडे तुम्हीच काय ते समजा.

कर्क्युमिनची दुसरी बाजू यकृताची. जास्त शोषली जाणारी उत्पादनं घेणाऱ्या काही लोकांना यकृताचा दाह झाल्याची प्रकरणं इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियात नोंदली गेली. ती विरळ आहेत आणि एका ठरावीक जनुकीय प्रकाराच्या लोकांत जास्त दिसतात. पण तो प्रकार आपल्यात आहे का हे कोण तपासून बघतं? लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळसर दिसले, भूक मेली, तर गोळी त्या क्षणी बंद करायची आणि बाटली घेऊनच डॉक्टरकडे जायचं. 'हळदच तर आहे' म्हणून पुढचे पंधरा दिवस काढू नका.

तिसरी, ग्रीन टीचा अर्क. हिच्यावर माझा जुना राग आहे. पहाटेच्या धावेआधी रिकाम्या पोटी दोन कॅप्सूल घेतल्या, चौथ्या किलोमीटरला पोटात कालवलं आणि रस्त्याच्या कडेला वाकून उभी राहिले. दोष कॅप्सूलचा नव्हता. पाठीवर बारीक अक्षरांत 'रिकाम्या पोटी घेऊ नये' लिहिलेलं होतं, आणि लेबलं वाचणं हा माझा धंदा! यातलं मुख्य द्रव्य ईजीसीजी. चहा पिऊन ते दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम पोटात जातं आणि त्याचं काही बिघडत नाही. पण सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतलं तर यकृताची विकरं रक्तात वाढतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला, आणि तिथे आता त्याखालीच राहायचं बंधन आहे. माझ्या मते चहा आवडत असेल तर चहा प्या. दुखणाऱ्या पायांसाठी या अर्काची कॅप्सूल मी घेत नाही.

बीटचं विचारणाऱ्यांसाठी जाता जाता: बीटचा रस काम करतो तो मुख्यतः नायट्रेटमुळे, आणि त्या नायट्रेटला कामाला लावतात जिभेवरचे जिवाणू. रस पिऊन वर जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली तर अर्धं काम ओतून टाकलंत.

लेबल मागून पुढे वाचा

पुढच्या बाजूला पानाचं चित्र आणि 'शक्तिशाली' असा शब्द असतो. बाटली फिरवा.

'वनस्पतीचा अर्क ५०० मिलिग्रॅम' एवढंच लिहिलं असेल तर काहीच कळत नाही. '१०:१ अर्क' म्हणजे दहा किलो कच्च्या मालातून एक किलो भुकटी. त्यात उपयोगाचं द्रव्य किती, ते त्यावरून ठरत नाही. बघायचं ते द्रव्याचं नाव आणि टक्केवारी: इतके टक्के कर्क्युमिनॉइड्स, इतके मिलिग्रॅम अँथोसायनिन्स. 'खास मिश्रण' असं लिहून खाली आठ नावं आणि एकच एकूण वजन दिलं असेल, तर पहिलं नाव स्वस्तातलं आणि शेवटची सात चिमूटभर असं खुशाल धरून चाला. ओआरएसीचे, म्हणजे अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या चाचणीचे, मोठमोठे आकडे छापले असतील तर बाटली ठेवून द्या. तो परीक्षानळीतला आकडा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण नळीत जे होतं ते शरीरात तसंच होतं असं नाही. बहुतेक पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) मोठ्या आतड्यापर्यंत जातात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांचं काम रॅडिकल पकडण्यापेक्षा पेशीची स्वतःची यंत्रणा जागी करण्याचं असतं.

टक्केवारी छापली म्हणजे झालं असंही नाही. एकदा आमच्याकडे बिलबेरीचा, म्हणजे ब्लूबेरीच्या युरोपीय बहिणीचा, अर्क आला होता, जांभळाकाळा, देखणा. रंगावरून मोजायच्या साध्या चाचणीत ३६ टक्के अँथोसायनिन्स, कागदाशी तंतोतंत. मग तोच नमुना एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं एकेक वेगळी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, चढवला. बिलबेरीत पंधरा वेगवेगळी अँथोसायनिन्स असतात. पडद्यावर एकामागून एक छोटे-मोठे डोंगर उमटतात, आम्हाला तो आकार पाठ आहे. त्या दिवशी पडद्यावर एकच जाडजूड डोंगर, आजूबाजूला सपाट माळ. रंग होता, बिलबेरी नव्हती. दुसऱ्या कशाचा तरी स्वस्त गडद अर्क. म्हणून कंपनीकडे बॅचचा चाचणी अहवाल मागा आणि त्यात 'एचपीएलसी' हा शब्द शोधा. शिसं आणि कॅडमियमचे आकडेही बघा, विशेषतः हळद आणि कोकोच्या बाबतीत. अहवाल मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

उत्तेजक चाचणी होणाऱ्या स्पर्धांत तुम्ही उतरत असाल तर 'वनस्पतीजन्य' शब्दावर विसंबू नका. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक तपासणाऱ्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली तेव्हा १४.८ टक्क्यांत लेबलवर नसलेली संप्रेरकं सापडली होती. हायजेनामाइन हे उत्तेजक तर थेट झाडांतूनच येतं, कमळातही असतं, आणि २०१७ पासून ते वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नावानिशी आहे. चूक बनवणाऱ्याची असली तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' हे शिक्के बॅचवार तपासता येतात. बाटलीवरचा बॅच क्रमांक त्यांच्या यादीत शोधा, आणि रिकामी बाटलीसुद्धा काही महिने जपून ठेवा.

स्वतःवर कसं तपासावं

एका वेळी एकच गोष्ट. आधी काही न घेता तीन लांब धावांचे आकडे लिहा, मग सुरू करा. इथे एक सापळा आहे. उताराच्या किंवा नव्या व्यायामाने स्नायू २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त दुखतात, पण तोच व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केला की दुखणं आपोआप कमी होतं. स्नायू एकदाच्या माराने शहाणा होतो. त्यामुळे पहिल्यांदा गोळीविना आणि दुसऱ्यांदा गोळी घेऊन धावलात, तर श्रेय हमखास गोळीला जातं. क्रम उलटसुलट करा, आणि जमलं तर माझ्यासारखी 'क' आणि 'ख' डबी दुसऱ्याकडून भरून घ्या. टोपणं कोरड्या बोटांनीच उघडा.

अपेक्षाही बेताची ठेवा. २०१७ साली वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात पन्नास अभ्यास एकत्र तपासले गेले. अँटिऑक्सिडंट्समुळे दुखणं थोडं कमी होतं, पण माणसाला जाणवेल इतकं नाही, असा निष्कर्ष निघाला. माझ्या वहीतला सर्वांत ठसठशीत आकडा कुठल्याच अर्काचा नाही. सहा तासांहून कमी झोप झाली की जिना दोन आकड्यांनी चढतो.

ज्यांनी आधी विचारायलाच हवं

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील, गर्भारपण असेल, यकृताचा जुना त्रास असेल, तर डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय काही नको. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे हे अर्क बंद करायला सांगतात. धूम्रपान करणाऱ्यांनी गाजरातल्या बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांपासून लांबच राहावं: फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत त्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. निकाल १९९४ साली आला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेतली तशीच चाचणी मध्येच थांबवावी लागली. गाजर खायला काही हरकत नाही.

आणि बायकांनो, लोह. पॉलिफेनॉल्स वनस्पतीजन्य लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. मी एक अख्खा हिवाळा लोहाची गोळी आणि ग्रीन टीचा अर्क नाश्त्यानंतर एकाच घोटात घेत होते, आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा) ११ वरून हलायला तयार नव्हतं. डॉक्टरांनी लोहाचा ब्रँड बदलला, पुन्हा बदलला. शेवटी नर्सने सहज विचारलं, गोळी कशासोबत घेता? अर्क थांबवला, लोह वेगळ्या वेळी घेऊ लागले, आणि चार महिन्यांत आकडा ३४ झाला. निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

सध्या माझ्या खणात एकच बाटली आहे, घट्ट चेरीच्या रसाची, न उघडलेली. अँथोसायनिन्स उजेडाने आणि उष्णतेने मरतात म्हणून खण अंधाराचा, आणि उघडल्यावर बाटली फ्रीजमध्ये जाईल. शर्यतीला सात आठवडे आहेत. झाकणावर चिकटपट्टी लावून उघडायची तारीख लिहिली आहे; तोवर जिना जो आकडा देईल तो वहीत लिहायचा.